शुक्रवारचं हिरवं चिकन

बारावीनंतर माझी लेक वर्षभर कॉलेजला गेली नाही, तेव्हा आमच्या ओळखीतल्या मराठी बायकांनी मला सरळच विचारलं, "नापास झाली का गं?" ज्या जरा सभ्य होत्या त्यांनी विचारलं, "नीटसाठी ड्रॉप घेतलाय का?" मी इथे आखातात एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझ्या मुलीला नव्वदीच्या वर टक्के होते आणि नीटशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण "तिनं गॅप इयर घेतलंय" हे वाक्य माझ्या तोंडून काही धड निघत नसे. आमच्या पिढीत वर्ष कुणी घेत नसे. वर्ष वाया जात असे, आणि ते गेलं की नातेवाईक भेटायला येत.

ती गेली होती जेरुसलेमला. मुलींची एक पाठशाळा आहे तिथे. शाळा संपलेल्या ज्यू मुली वर्षभर राहून धर्मग्रंथ शिकतात, आपला धर्म म्हणजे काय ते समजून घेतात, स्वतःचे कपडे स्वतः धुवायला शिकतात आणि मग आपापल्या देशात परत जाऊन कॉलेजला लागतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनाव कोकणातल्या एका गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यामुळे इथे खलिफा सिटी या आमच्या वस्तीत कुणाला आमचा संशय येत नाही. आमचे पूर्वज रायगडात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आम्ही आता तेल गाळत नाही. नवरा विमानतळावर कार्गोत आहे आणि मी पोरांकडून समीकरणं सोडवून घेते. पण शनिवारी घाणा बंदच असतो.

हे सगळं आमच्या घरात होतं, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नसे. दाराच्या चौकटीवर लावायची मेझुझा आम्ही वर्षानुवर्षं आतल्या खोलीच्या दाराला लावली, बाहेर नाही. प्रार्थना असलेली ती लहानशी नळी येता-जाता हाताने स्पर्शून बोटं ओठांना लावायची, एवढंच लेकीला माहीत होतं. शाळेच्या नोंदीत धर्माच्या रकान्यात 'इतर' असे. गणपतीत ती शेजारी मोदक खायला जायची, ईदला बिर्याणी यायची, आणि आमच्या नव्या वर्षाला मी गव्हाच्या चिकाचा हलवा करून मजल्यावर वाटायचे. कुणी विचारलं, "कशाबद्दल?" तर मी म्हणायचे, "असंच. नवीन वर्ष आहे आमचं." विचारणाराही हलवा तोंडात टाकून गप्प बसायचा.

पुढे इथलं वातावरण बदललं. दुबईत ज्यू लोक उघडपणे जमू लागले, इस्रायलला थेट विमानं उडायला लागली. लेक एका मेळाव्याला गेली आणि तिला लंडनची एक मुलगी भेटली, जिनं असं वर्ष केलं होतं. घरी येऊन म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू नो व्हाय वी डू व्हॉट वी डू."

"करतो म्हणून करतो," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट अ रीझन."

रोज वर्गात 'पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर नको' असं ओरडणारी मी. तिनं मला माझ्याच शस्त्रानं मारलं. बाप तर काय, मुलीपुढे लोणी. "जाऊ दे गं, एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय?" असं म्हणून त्यानं तिची बॅग भरायलाही घेतली.

सुरुवातीचे फोन मजेचे होते. लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये टाकला आणि तो बाहुलीच्या मापाचा झाला. खोलीत चार मुली, त्यातल्या तीन अमेरिकन, आणि तिघींना सकाळी उठवायचं काम हिच्याकडे. हिच्याकडे! जिला दहावीच्या बोर्डाच्या दिवशी मी तोंडावर पाणी मारून उठवलं होतं. आमटी-भाताची आठवण येते म्हणाली, तेव्हा मी मनातल्या मनात नाचले.

मग हिवाळ्यात एकदा तिनं मध्येच विचारलं, "आई, आपल्याकडे भांड्यांचे सेट किती आहेत?"

"एक. का?"

"नथिंग. जस्ट आस्किंग."

जस्ट आस्किंग असं काही जगात नसतं हे मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. आमच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. काटेकोर पाळणारी घरं दोन्हींसाठी भांडीही वेगवेगळी ठेवतात, दोन पातेली, दोन चमचे, दोन घासण्या. आमच्याकडे तसं नव्हतं. माझ्या आईनं ठाण्यात दोन खोल्यांत संसार केला. मटण शिजायचं त्या दिवशी दुधाचं पातेलं शेजारणीकडे जायचं आणि चहा कोरा व्हायचा. रश्शाला दही नाही, मलई नाही, नेहमी नारळाचं दूध. नियम काय, कलम काय, आम्हाला कुणी सांगितलं नाही. हात तसेच चालायचे. हे सगळं मी तिला फोनवर ताडताड ऐकवलं, आवाज चढवून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आय नो, आई. आय नो." त्यानंतर तिनं स्वयंपाकघराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला खरी भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

वसंतात पेसाह आला, आमच्या पूर्वजांच्या गुलामीतून सुटकेचा सण. तो आम्ही आजवर कधी एकमेकांशिवाय केला नव्हता. ती म्हणाली, "इथेच राहते, आई. इट्स ईझियर." कुणासाठी सोपं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका शिक्षिकेच्या घरी तिनं सण केला. आम्ही दोघं नवरा-बायको टेबलाच्या दोन टोकांना बसलो. घरातल्या सगळ्यांत लहानानं विचारायचे सणाचे ठरलेले प्रश्न त्या रात्री नवऱ्यानं विचारले, कारण तो माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे. हसलो आम्ही, पण निम्मं जेवण डब्यात भरून फ्रिजमध्ये गेलं.

त्यातच दुबईतल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांची कहाणी सांगितली. त्यांचा मुलगा असंच वर्ष करून परतला आणि महिनाभर स्वतःच्या घरात कागदी ताटलीत डब्यातला ट्यूना मासा खात बसला. "आईच्या हातचं नको झालं त्याला," असं म्हणून त्या रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले होते, पण माझ्या डोळ्यांपुढे माझंच टेबल होतं. माझी लेक, कागदी ताटली आणि ट्यूना. देवाच्या जवळ जावं पोरीनं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यासाठी माझ्या ताटावरून उठून जावं लागणार असेल तर मी काय करायचं?

नवरा म्हणाला, "विचार ना तिला सरळ. घरी जेवशील का म्हणावं."

"तूच विचार."

"मी कशाला विचारू? स्वयंपाक तुझा."

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच अधांतरी लटकलेले असतात. शेवटी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. विचारायचं नाही, अभ्यास करायचा. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात कानात इअरफोन घालून मी व्हिडिओ बघायला लागले. सहकारी समजायच्या मी मालिका बघते. एक आजोबा, पांढरी दाढी, समोर कुकर ठेवून समजावून सांगायचे: कोणतं भांडं उकळत्या पाण्यात कोशेर, म्हणजे धर्माच्या नियमांत बसणारं, होतं, कोणतं होत नाही, ओव्हनचं काय करायचं, आणि नवीन धातूचं भांडं आणलं तर वापरायच्या आधी ते समुद्रात किंवा झऱ्याच्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायचं. मी ते वाक्य पुन्हा लावून ऐकलं. समुद्र तर आमच्या घरापासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर होता.

हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या शेजारणीला. वाटलं होतं, हसेल. तिनं नुसता हात झटकला.

"अगं, हे तर आमचं सोवळं-ओवळं. माझ्या सासूबाई होत्या तोवर मी ओट्याजवळ जाताना श्वासही विचारून घ्यायचे. लोणच्याच्या बरणीला हात लावायचे वार ठरलेले होते. तू मला सांग काय काय करायचंय. मला अनुभव आहे."

मग आम्ही दुबईच्या करामा भागात गेलो आणि एका जुन्या दुकानातून स्टीलची भांडी घेतली. दुकानदार गुजराती. "बहेन, बेटी की शादी है क्या?" त्यानं विचारलं. शेजारीण म्हणाली, "बेटी घर आ रही है." त्याला ते पुरलं असावं, त्यानं एक झारा वर टाकला. घरी आलो आणि खरा वनवास सुरू झाला. भांड्यावर काहीही चिकटलेलं असता कामा नये, नाहीतर बुडवलेलं धरत नाहीत, असं त्या आजोबांनी बजावलं होतं. आणि आपल्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल! ज्यानं तो गोंद शोधून काढला त्याला पूल बांधायच्या कामाला लावायला हवं होतं. नखं, खोबरेल तेल, बेकिंग सोडा, हेअर ड्रायर, सगळं करून झालं. शेजारीण पातेलं घासताना म्हणाली, "तुमचा देव फारच बारीक बघतो हो." मी म्हटलं, "देव नाही. पोरगी बघते."

शनिवार सोडून दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ऊन तापायच्या आत, आम्ही दोघी भांड्यांची पोती घेऊन किनाऱ्यावर गेलो. उन्हाळा सुरू झाला होता, पाणी कोमट होतं. मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून आत शिरले. शेजारीण वाळूत बसून एकेक भांडं देत होती, मी ते पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढत होते. इतक्यात पहारेकरी आला.

"मॅडम, इधर बर्तन धोना मना है."

"भैया, धो नहीं रहे," शेजारीण तत्परतेनं म्हणाली, "ये तो एक तरह की पूजा है."

"पूजा भी मना है."

वीस-बावीस वर्षं या देशात इमानानं राहून शेवटी झाऱ्यावरून पकडली जाणार की काय! मी पाण्यातूनच सांगितलं, "नये बर्तन हैं, सिर्फ एक बार पानी लगाना है. साबुन नहीं, कुछ नहीं." त्यानं पातेल्यांकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या सलवारीकडे पाहिलं. "आपके गाँव का रिवाज है?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. कोकणातलं गाव धरलं तर खोटं नव्हतं. "यल्ला, जल्दी कर लो," असं म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला. बायका पाण्यात आहेत म्हणून असेल, किंवा आपण काही पाहिलंच नाही असं व्हावं म्हणून असेल.

जुनी भांडी नवऱ्यानं घेतली. माझ्या लग्नातलं एक मोठं पातेलं आहे, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी माझ्या आईचं नाव कोरलंय. ते टाकून द्यायला मी तयार नव्हते. नवऱ्यानं ते घासून लख्ख केलं, एक दिवस वापरलं नाही, आणि मग काठोकाठ पाणी भरून उकळवलं, इतकं की पाणी काठावरून सगळीकडून उतू गेलं आणि शेगडी विझली. "झालं," तो घाम पुसत म्हणाला, "आता सासूबाई कोशेर." मग लाल ठिपके मांसाच्या भांड्यांना, निळे दुधाच्या. ओट्याचे दोन भाग. दोन घासण्या. स्वयंपाकघर बालवाडीसारखं दिसायला लागलं.

लेकीला यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. नवरा म्हणत होता, सांगून टाक. पण मला ते जमेना. मी तिच्या परीक्षेला बसले होते, आणि अभ्यास केलाय हे आधीच सांगायची मला लाज वाटत होती.

जूनमध्ये ती आली, गुरुवारी संध्याकाळी. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पडली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. घोट्यापर्यंत स्कर्ट, कोपरापर्यंत बाह्या, आणि चालण्यात एक सावकाशपणा. पूर्वी ती चालायची नाही, आदळायची. गळ्यात पडली तेव्हा मात्र तीच होती. घरात शिरल्यावर आतल्या खोलीच्या दाराशी थांबून तिनं मेझुझाला हात लावला आणि बोटं ओठांवर नुसती टेकवून पुढे पळाली नाही. थांबली थोडी.

"काय खाणार?" मी विचारलं. आवाज सहज ठेवायचा माझा प्रयत्न होता.

"विमानात खाल्लं, आई. केळं आहे?"

केळं. देवानंच ज्याला वेष्टण घालून पाठवलंय असं फळ. तिनं ते सोललं, डोळे मिटून पुटपुटली आणि खाल्लं. मग पाणी प्यायली, काचेच्या ग्लासातून. काचेला दोष लागत नाही, हे आता मलाही माहीत होतं. तिनं सहज चमच्यांचा खण उघडला, आतल्या चमच्यांवर लाल-निळे ठिपके होते. ती दोन क्षण बघत राहिली, खण बंद केला आणि खोलीत गेली. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले.

तिचे कपडे धुवायला टाकावेत म्हणून मी बॅग उघडली. कपड्यांखाली ट्यूनाचे डबे होते, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागदी ताटल्यांचा गठ्ठा. मी पलंगावर बसले आणि ते डबे बघत राहिले. सगळे समुद्र, सगळे गोंद, सगळे आजोबा पाण्यात गेले होते. मी बॅग होती तशी बंद केली आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस. पूर्वी इथे शुक्रवारी सुट्टी असायची आणि शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वयंपाकाला अख्खा दिवस हाती असायचा. आता बारा वाजता धावत घरी यायचं आणि सूर्य बुडायच्या आत सगळं उरकायचं. मी दुबईहून कोशेर चिकन मागवलं होतं. त्याच्या किमतीचे मी रुपये केले नाहीत, केले असते तर शिजवायचा धीर झाला नसता. कोथिंबीर, मिरची, आलं-लसूण वाटून आमचं हिरवं चिकन करायला घेतलं आणि नारळ खवायला बसले तेव्हा हात थांबला.

नारळाचं दूध. पांढरंशुभ्र. मांसाच्या रश्शात पांढरं काही दिसलं की तिला काय वाटेल? ती आता शिकून आलेली. तिच्या मैत्रिणींच्या घरी असलं काही करत नसतील. मी नवऱ्याला हाक मारली. "नारळ घालू का नको? टोमॅटोचा रस्सा करते साधा."

"घाल," तो म्हणाला. "नारळ काय गाईनं दिलाय?"

"तसं नाही रे. दिसायला—"

"दिसू दे. तिचं लहानपण याच रश्शावर गेलंय. आज टोमॅटो घातलास तर ती विचारेल, आई कुठे गेली."

घातला. कधीकधी माणूस बरोबर बोलतो. एक नारळ पुरला नाही, दुसरा फोडला, त्याची एक वाटी उरली, ती फ्रिजमध्ये ठेवली. मग आठवलं म्हणून फ्रिजच्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. शब्बाथला दिवा लावायचा नसतो, आणि दार उघडलं की हा मेला आपोआप लागतो. हेही आजोबांनीच शिकवलं होतं.

सूर्यास्ताआधी आम्ही दोघींनी मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात घेतले. तिची प्रार्थना माझ्यापेक्षा लांब चालली. मी बोटांच्या फटीतून बघत होते. नवऱ्यानं मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हटला. आमच्याकडे वाइनच्या जागी हेच, पिढ्यान्‌पिढ्या. मग हात धुणं, दोन पोळ्यांवरचा फडका काढणं, मीठ लावून तुकडे देणं. पोळीचा तुकडा तिनं खाल्ला. मी आईच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि हिरवट-पांढरा रस्सा मोठ्या वाडग्यात काढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

ती वाडग्याकडे बघत राहिली.

"हे नारळाचं दूध आहे ना?"

"नारळाचंच," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. नवऱ्यानं हातातला चमचा खाली ठेवला. मला ते डबे दिसायला लागले. आता येईल, कागदी ताटली घेऊन येईल, अगदी नम्रपणे, 'आय ॲम सॉरी, आई' म्हणत. मी ठरवलं, रडायचं नाही. शब्बाथ आहे, आणि मी तिची आई आहे, तिनं उपाशी राहू नये एवढंच बघायचं. आतून फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग दार बंद झालं.

ती परत आली ती नारळाची वाटी घेऊन. खोबऱ्यासकट, शेंड्यांसकट, तशीच. तिनं ती रश्शाच्या वाडग्याला अगदी चिकटून ठेवली, जरा मागे सरून बघितलं, आणि खाली बसून ताट पुढे केलं.

"वाढ ना, आई. भूक लागलीय."

"हे काय?" मी विचारलं.

"कुणी पाहिलं तर कळायला हवं ना, की हे नारळाचं दूध आहे, गाईचं नाही. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, हे लोक मांसात दूध घालतात. म्हणून ज्याचं दूध, ते शेजारी ठेवायचं. जुनाच नियम आहे." ती मराठीत बोलत होती, सगळीच्या सगळी. मला ते मागाहून जाणवलं. "तिकडे आम्हाला बदामाच्या दुधाचं शिकवलं. पुस्तकात लिहिलंय, मांस बदामाच्या दुधात शिजवलं तर शेजारी बदाम ठेवा. सगळ्या मुली हसायला लागल्या. हू ऑन अर्थ कुक्स मीट इन नट मिल्क? मी हात वर केला. म्हटलं, माय मदर."

ती जेवत जेवत सांगत होती. तोंड भरलेलं, बोटांना हिरवा मसाला. पहिले काही महिने तिला सगळे विचारायचे, भारतात ज्यू असतात? तुझ्या आईवडिलांनी धर्म बदलला का? तिला उत्तर देता यायचं नाही. रात्री न्हाणीघरात जाऊन रडायची. आम्हाला सांगितलं नाही, कारण तिला आमचाच राग यायचा: यांनी मला काहीच कसं शिकवलं नाही? मग त्या बदामाच्या तासाला शिक्षिकेनं तिला उभं करून विचारलं, तुझी आई नेमकं कसं करते, आणि तिनं सगळं सांगितलं. नारळ कसा खवायचा, पहिलं दूध कसं वेगळं काढायचं, मटण झालं की चहा कोरा. "आई, मला सगळं येत होतं. मला माहीतच नव्हतं की मला येतं."

"आणि ते डबे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं घास थांबवला. "तू बॅग बघितलीस?"

"कपडे धुवायला."

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "फोनवर तू केवढी चिडली होतीस. वाटलं, विचारलं तर म्हणशील, माझ्या हातचं चालत नाही का? म्हणून आणले. गुपचूप खाईन म्हटलं. मग काल खण उघडला आणि ते ठिपके बघितले." तिनं नाक ओढलं. "बोलले नाही, कारण तुला वाटलं असतं मी मार्क देतेय."

माझा जीव भांड्यात पडला. कोणत्या रंगाच्या ठिपक्याच्या भांड्यात पडला, याची मला त्या क्षणी अजिबात पर्वा नव्हती. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. नवरा मात्र शांतपणे तिसऱ्यांदा भात घेत होता. "फ्रिजचा दिवा कुणी बंद केला?" तिनं विचारलं. "आईनं," तो म्हणाला. "आणि समुद्रात पण गेली होती. पहारेकऱ्यानं पकडली होती." मग ती गोष्ट झाली, आणि लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

सगळंच काही गोड झालं असं नाही. पुढे ओट्यावरून, बाह्यांवरून, शनिवारी फोन उचलण्यावरून आमची भांडणं झाली आणि अजून होतात. दोघींचाही स्वभाव तिखट आहे. पण ती भांडणं एका टेबलावर बसून होतात. ट्यूना शेजारणीच्या मांजरानं संपवला. कागदी ताटल्यांवर आम्ही त्या वर्षी मजल्यावर हलवा वाटला, आणि कशाबद्दल म्हणून विचारलं तर लेकीनं प्रत्येक दाराशी उभं राहून नीट सांगितलं. दोन दारांवर हलवा संपेपर्यंत ऐकावं लागलं लोकांना.

आता ती पुण्यात शिकते, स्वतःचा एक तवा आणि एक पातेलं घेऊन राहते. शुक्रवारी आम्ही दोघंच असतो. मी हिरवं चिकन करते, नवरा फ्रिजमधून नारळाची वाटी आणून वाडग्याशेजारी ठेवतो. आमच्याकडे बघणारं तिसरं माणूस कुणी नसतं आणि आम्हा दोघांना रश्शात काय आहे ते माहीतच असतं. पुण्यात सूर्य आमच्या आधी मावळतो, त्यामुळे तिचा फोन लवकर येतो, तिच्या मेणबत्त्या लावायच्या आधी. इकडची तिकडची विचारपूस करते, बाबांची शुगर विचारते, आणि ठेवता ठेवता न चुकता विचारते, "नारळ ठेवलास?"

"ठेवला," मी सांगते, आणि नवऱ्याला खूण करते, की आण लवकर.